थायरॉइडचा कॅन्सर आणि निरोगी थायरॉइड : प्रथिनांत नेमका फरक काय? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्ट हातात पडला की आधी घाम फुटतो आणि मग फोन लागतो. सावंतवाडीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रुग्णांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि रत्नागिरी-चिपळूणकडे जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. शक्य तिथे विचारणाऱ्याचेच शब्द ठेवलेत. उपचार कोणते घ्यायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील. रिपोर्टात काय लिहिलंय हे कळावं, एवढाच या पानाचा हेतू.

प्र. गळ्यात गाठ सापडली. म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या असतात. तपासलेल्या गाठींपैकी साधारण ७ ते १५ टक्क्यांतच कॅन्सर निघतो, आणि त्यातही ८० टक्क्यांच्या वर पॅपिलरी प्रकारचा, म्हणजे हळू वाढणारा आणि उपचारांना चांगली दाद देणारा असतो.

प्र. निरोगी थायरॉइडमध्ये कोणती प्रथिनं असतात? तिथूनच सांगा.

तिथूनच सुरुवात केली पाहिजे, कारण कॅन्सरमध्ये काय बिघडलं हे नीट चाललेलं काम बघितल्याशिवाय कळत नाही.

थायरॉइड ही १५ ते २० ग्रॅमची ग्रंथी. आत सूक्ष्म पोकळ गोळ्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. प्रत्येक गोळीच्या भिंतीत पेशींचा एकच थर असतो आणि आत चिकट द्रव साठलेला असतो. हा द्रव म्हणजे मुख्यतः थायरोग्लोब्युलिन. हे प्रथिन अवाढव्य आहे, रेणूभार सुमारे ६ लाख ६० हजार डाल्टन. थायरॉइडची हार्मोन्स याच प्रथिनाच्या अंगावर तयार होतात.

त्यासाठी आयोडीन लागतं. रक्तातलं आयोडाइड पेशीत ओढून आणण्याचं काम एनआयएस नावाचं वाहक प्रथिन करतं. ते पेशीच्या रक्ताकडच्या पडद्यात बसलेलं असतं आणि सोडियमचे दोन आयन आत येताना त्यांच्याबरोबर आयोडाइडचा एक आयन आत घेतं. त्यामुळे रक्तात असतं त्याच्या २० ते ४० पट आयोडाइड ग्रंथीत साठतं. या वाहकाचा जनुक १९९६ साली हाती आला. पलीकडच्या बाजूला पेंड्रिन हे प्रथिन आयोडाइड द्रवात सोडायला मदत करतं, आणि थायरॉइड पेरॉक्सिडेझ, म्हणजे रिपोर्टात दिसणारं टीपीओ, ते आयोडीन थायरोग्लोब्युलिनवर चिकटवतं. हे सगळं किती वेगाने चालावं याचा निरोप मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून टीएसएचच्या रूपात येतो. तो निरोप घेणारं ग्राहक प्रथिन पेशीवर असतं. आणि ही सगळी प्रथिनं बनवा असा हुकूम पेशीकेंद्रात बसलेली पॅक्स-८ आणि टीटीएफ-१ ही प्रथिनं देतात.

प्र. मग कॅन्सर झाला की यांचं काय होतं?

कामाची प्रथिनं कमी होत जातात. ‘होत जातात’ असं मुद्दाम म्हणतो. एका दिवसात दिवा गेल्यासारखी ती नाहीशी होत नाहीत.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त फटका एनआयएस आणि टीपीओला बसतो. थायरोग्लोब्युलिन घटतं, पण बराच काळ टिकून राहतं. टीएसएचचं ग्राहक प्रथिनही बऱ्यापैकी टिकतं. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरमध्ये पेशी अजून थायरॉइडची म्हणून ओळखू येते. कमी पक्व कॅन्सरमध्ये ती ओळख पुसट होते, आणि अ‍ॅनाप्लास्टिक या दुर्मीळ पण फार आक्रमक प्रकारात थायरोग्लोब्युलिनसुद्धा बहुधा सापडत नाही.

मुलं इथे विचारतात, की म्हणजे फरक फक्त प्रमाणाचाच का? नाही, जागेचाही आहे. काही थायरॉइड कॅन्सरमध्ये एनआयएस मोजायला गेलं तर ते भरपूर मिळतं, निरोगी ऊतीपेक्षाही जास्त. तरी आयोडीन आत येत नाही, कारण ते पेशीच्या पडद्यावर नसून पेशीच्या पोटात अडकलेलं असतं. होडी खाडीत उभी आहे, पण धक्क्याला लागलेलीच नाही, तर मासळी उतरणार कशी? म्हणून नुसतं ‘अमुक प्रथिन इतक्या पटीने वाढलं’ असं लिहिलेला तक्ता वाचून निष्कर्ष काढू नये. ते पेशीत कुठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.

प्र. काही प्रथिनं वाढतात असंही वाचलं. कोणती?

पॅपिलरी कॅन्सरच्या रिपोर्टात तीन नावं हमखास येतात : गॅलेक्टिन-३, सायटोकेराटिन-१९ आणि एचबीएमई-१. गॅलेक्टिन-३ हे साखरेच्या साखळ्यांना चिकटणारं प्रथिन. पेशींनी एकमेकींना धरून राहणं आणि मरणाचा निरोप टाळणं, या दोन्हींत त्याचा हात असतो. सायटोकेराटिन-१९ हा पेशीच्या आतल्या सांगाड्याचा धागा आहे. एचबीएमई-१ हे खरं तर तपासणीसाठी वापरतात त्या प्रतिपिंडाचं (अँटीबॉडीचं) नाव, पण पॅथॉलॉजीत सगळे ते प्रथिनाच्या नावासारखंच वापरतात.

याशिवाय पेशींबाहेरच्या जाळ्यातलं फायब्रोनेक्टिन वाढतं, पेशीवरचं एमईटी हे ग्राहक प्रथिन वाढतं, एस-१०० कुळातली काही छोटी प्रथिनं वाढतात. याच्या उलट सीडी-५६ हे पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन निरोगी थायरॉइडमध्ये असतं आणि पॅपिलरी कॅन्सरमध्ये बहुधा गायब होतं. मला व्यक्तिशः हे गायब होणं जास्त उपयोगाचं वाटतं. वाढलेलं प्रथिन सुजेमुळेही वाढलेलं असू शकतं.

प्र. ‘बीआरएएफ पॉझिटिव्ह’ लिहिलंय. हे प्रथिन फार वाढलंय का?

वाढलेलं नसतं, बदललेलं असतं. बीआरएएफ हे प्रथिन निरोगी पेशीतही आहे. त्याच्या साखळीतल्या ६०० व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं. तिथे ग्लुटामिक आम्ल आलं की त्या बदलाला व्ही६००ई म्हणतात. एवढ्याशा बदलाने प्रथिन कायमचं चालू राहतं. ‘वाढ, विभाग’ हा निरोप आरएएस, आरएएफ, एमईके, ईआरके अशा साखळीने पेशीकेंद्रापर्यंत जातो. एरवी बाहेरून इशारा आला तरच जातो, इथे तो अखंड जात राहतो. साखळीतल्या प्रथिनांचं प्रमाण तेवढंच असतं. फरक पडतो तो त्यांच्यावर लागलेल्या फॉस्फेटच्या खुणांत.

आणि याच अखंड निरोपामुळे एनआयएस आणि टीपीओ यांचं उत्पादन दबतं. म्हणजे वरच्या उत्तरात जे घटताना पाहिलं, त्याचं एक मोठं कारण हे.

कर्करोगात हा बदल २००२ साली सापडला आणि पुढच्याच वर्षी तो थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरमध्ये मोठ्या प्रमाणावर असल्याचं कळलं. २०१४ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने ४९६ पॅपिलरी कॅन्सर तपासून त्यांचे दोन मोठे गट दाखवले : बीआरएएफसारखे आणि आरएएससारखे. पहिल्या गटात थायरॉइडची ओळख जास्त पुसली जाते, दुसऱ्यात ती बरीच टिकते. बदललेलं बीआरएएफ तेवढंच ओळखणारा व्हीई-१ नावाचा प्रतिपिंड आहे. त्यामुळे जनुक न तपासता स्लाइडवर रंग देऊनही हा बदल पकडता येतो.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे रोग हाताबाहेर गेला, असं मात्र नाही. निम्म्याच्या आसपास पॅपिलरी कॅन्सरमध्ये हा बदल असतोच आणि त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

प्र. माझ्या रिपोर्टात ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पॅक्स-८ पॉझिटिव्ह’ आहे. दोन्ही पॉझिटिव्ह!

हे वाचून गुहागरच्या एका काकींनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. घाबरू नका. ही दोन प्रथिनं निरोगी थायरॉइडमध्येही असतात. ती दिसली याचा अर्थ पेशी थायरॉइडच्या कुळातल्या असाव्यात. मानेतल्या लसीकाग्रंथीत गाठ सापडली आणि ती कुठून आली हे ठरवायचं असेल, तर यांचा उपयोग होतो. टीटीएफ-१ फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्येही असतं, म्हणून सोबत पॅक्स-८ आणि थायरोग्लोब्युलिन बघतात.

आणि रक्ताच्या रिपोर्टातलं ‘अँटी-टीपीओ वाढलेलं’ ही पूर्ण वेगळी गोष्ट. ते टीपीओविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रतिपिंड. त्याचा संबंध हाशिमोटो थायरॉइडायटिससारख्या आजाराशी, ज्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला सूज आणते. ते कॅन्सरचं निदान नव्हे.

प्र. एकच कुठलं तरी प्रथिन बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ का सांगत नाहीत? एवढ्या तपासण्या कशाला?

कारण असं एक प्रथिन अजून कुणाला सापडलेलं नाही. गॅलेक्टिन-३ हाशिमोटोने सुजलेल्या भागातही रंगतं आणि काही साध्या गाठींतही. सायटोकेराटिन-१९ तर सुईच्या तपासणीनंतर जखम भरून येताना त्या जागीही दिसतं. म्हणून तीन-चार प्रथिनं एकत्र बघतात, आणि तेवढं करूनही शेवटचा शब्द पेशींच्या रूपाचाच राहतो : केंद्रकं फिकट आहेत का, त्यांत खाचा आहेत का, एकमेकांवर चढलेली आहेत का.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे फॉलिक्युलर गाठ. साधी फॉलिक्युलर गाठ आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांच्या पेशी सारख्या दिसतात, प्रथिनंही बरीचशी सारखीच. कॅन्सर म्हणायचं ते गाठीने आपलं कवच फोडलं असेल किंवा रक्तवाहिनीत शिरकाव केला असेल तर. हे सुईने काढलेल्या चार पेशींत कसं दिसणार? म्हणूनच सुईच्या तपासणीत बेथेस्डा ३ किंवा ४ (म्हणजे ना धड साधी, ना धड कॅन्सर असे मधले वर्ग) असं उत्तर आलं की डॉक्टर हात राखून बोलतात. ती टाळाटाळ समजू नका. अशा वेळी महागडी प्रथिन-चाचण्यांची यादी लिहून दिली तर ‘याने शस्त्रक्रियेचा निर्णय बदलणार आहे का?’ एवढं विचारा. उत्तर नाही असेल तर ते पैसे उपचारांसाठी मुंबईत परळला राहण्या-जेवणासाठी ठेवा.

प्र. पूर्वी कॅन्सर म्हटलेली गाठ आता कॅन्सर नाही म्हणतात, हे खरं?

एका प्रकारापुरतं खरं. कवचात बंद असलेला, कुठेही न घुसलेला पॅपिलरी कॅन्सरचा फॉलिक्युलर उपप्रकार २०१६ पासून एनआयएफटीपी या नावाने ओळखला जातो आणि त्या नावात कार्सिनोमा हा शब्द ठेवलेला नाही. त्याची वागणूक सौम्य असते आणि तो आरएएससारख्या गटात मोडतो.

प्र. तुलनेसाठी ‘निरोगी’ ऊती आणतात कुठून? निरोगी माणसाचा गळा कोण कापणार?

हा प्रश्न दापोलीच्या एका विद्यार्थिनीचा, आणि संशोधनाच्या पहिल्या पानावरच विचारायला हवा असा. बहुतेक वेळा त्याच रुग्णाच्या काढलेल्या ग्रंथीतला, गाठीपासून दूरचा भाग ‘निरोगी’ म्हणून घेतात. वय, लिंग, आहार, जनुकं सगळं सारखं, हा त्याचा मोठा फायदा. पण तो भाग खरंच निरोगी असतो का? त्यात हाशिमोटोची सूज असेल तर लिम्फोसाइट पेशींची प्रथिनं मिसळतात आणि तुलना बिघडते. कॅन्सरच्या तुकड्यातही निव्वळ कॅन्सरपेशी नसतात. तंतू, रक्तवाहिन्या, सूज आणणाऱ्या पेशी, सगळं एकत्र असतं. फायब्रोनेक्टिन वाढलं, तर ते कॅन्सरपेशीने बनवलं की शेजारच्या तंतुपेशीने, हे कुस्करलेल्या नमुन्यावरून सांगता येत नाही.

दुसरी अडचण थायरोग्लोब्युलिनची. निरोगी ऊतीत ते इतकं भरलेलं असतं की मोजणीत बाकीची प्रथिनं त्याच्या मागे झाकली जातात. कॅन्सरमध्ये द्रवाने भरलेल्या गोळ्याच कमी. साहजिकच इतर कित्येक प्रथिनं तिथे ‘वाढलेली’ दिसतात. त्यातली काही खरोखर वाढलेली, काही नुसती उघडी पडलेली. रक्तातलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन मिसळतं ते वेगळंच. लांबलचक यादी छापणाऱ्या अभ्यासापेक्षा, थोडी प्रथिनं घेऊन ती स्लाइडवर पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासावर माझा भरवसा जास्त आहे.

प्र. प्रथिनं मोजतात कशी?

रुग्णालयात वापरतात ती पद्धत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री : ऊतीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून कापलेल्या पातळ कापावर प्रतिपिंड टाकायचा, प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. संशोधनात मास स्पेक्ट्रोमेट्री वापरतात. ऊतीतली प्रथिनं ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) तोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजायचं आणि त्यावरून कोणतं प्रथिन किती, हे काढायचं. एका नमुन्यात हजारो प्रथिनं मोजता येतात. मोठे जैविक रेणू न मोडता या यंत्रात कसे घालायचे, हे शोधणाऱ्या जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

फॉस्फेटच्या खुणा मोजायच्या तर घाई लागते. ऊती शरीराबाहेर आली की थोड्याच वेळात त्या बदलू लागतात. म्हणून नमुना लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणच्या शस्त्रक्रियागृहात तो सहसा नसतो. गंमत अशी की जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी मात्र तो असतो!

प्र. ‘आवशीच्या गळ्याक गाठ आसा. रगात तपासून कॅन्सर आसा काय नाय तां कळतला काय?’

नाय कळूचा. रक्तातलं थायरोग्लोब्युलिन साध्या गलगंडात वाढतं, सुजेत वाढतं, सुई टोचल्यावरही वाढतं. त्यामुळे ग्रंथी जागेवर असताना त्यावरून कॅन्सर ओळखता येत नाही.

पूर्ण ग्रंथी काढल्यावर मात्र हेच प्रथिन फार मोलाचं ठरतं. ते बनवणारी दुसरी जागा शरीरात नाही, म्हणून ते पुन्हा वाढू लागलं तर कुठेतरी थायरॉइडच्या पेशी उरल्या आहेत असा संशय घेतात. त्याच वेळी अँटी-थायरोग्लोब्युलिनही तपासून घ्या. ही प्रतिपिंडं रक्तात असली तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासा. कणकवलीचा आकडा आणि मुंबईचा आकडा शेजारी ठेवून रात्र जागवण्यात अर्थ नाही, पद्धती वेगळ्या असतात.

प्र. मेड्युलरी कॅन्सर यात कुठे बसतो?

वेगळा बसतो. तो फॉलिकलच्या पेशींचा नसून शेजारच्या सी-पेशींचा. त्यात थायरोग्लोब्युलिन नसतं, कॅल्सिटोनिन हे सी-पेशींचं हार्मोन आणि सीईए हे प्रथिन असतं, आणि इथे कॅल्सिटोनिनची रक्ततपासणी निदानातही कामाची आहे. सुमारे चौथाई रुग्णांत तो आरईटी जनुकातल्या दोषाने घराण्यातून आलेला असतो, म्हणून भावंडांची आणि मुलांची तपासणी करायला सांगतात. ‘पोरीचं लग्न ठरायचंय, कशाला चर्चा?’ म्हणून ती टाळू नका.

प्र. आम्ही समुद्राकाठी राहतो, रोज मासे खातो. आम्हाला आयोडीन कमी पडणार नाही ना? आणि जास्त झाल्याने कॅन्सर होतो का?

समुद्राची हवा आयोडीनची हमी देत नाही. कोकणातल्या मुसळधार पावसाने जांभ्यावरच्या मातीतलं आयोडीन धुऊन जातं. मिठागराचं जाडं मीठ समुद्राचं असलं तरी त्यात ते फारसं नसतं : एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ आणि जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम आयोडीन, तेही सुकताना बरंचसं जातं. घरी पोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात मात्र निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. समुद्री मासे आणि कोळंबीतून ते मिळतं, नदीच्या माशांतून कमी.

जिथे आयोडीन पुरेसं असतं तिथे पॅपिलरी प्रकाराचा वाटा जास्त आणि कमतरता असते तिथे फॉलिक्युलरचा वाटा जास्त, असं चित्र जगभर दिसतं. बांगडा खाल्ल्याने कॅन्सर होतो, याला आधार नाही.

प्र. किनाऱ्यावरची काळी वाळू, अणुभट्ट्या, यांचं काय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइटची. केरळच्या वाळूतलं किरणोत्सर्गी थोरियमवालं मोनाझाइट ते वेगळं. जैतापूरची भट्टी अजून उभी राहिलेली नाही. किरणोत्सर्गाने थायरॉइडचा कॅन्सर होतो हे मात्र पक्कं आहे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर दुधातून किरणोत्सर्गी आयोडीन पोटात गेलेल्या मुलांत तो वाढला. त्या गाठींत बीआरएएफचा बदल कमी आणि आरईटी/पीटीसी नावाचं, दोन जनुकांचे तुकडे जुळून बनलेलं प्रथिन जास्त सापडलं.

प्र. आयोडीनचा डोस घ्यायचाय. मासे खरंच बंद?

हो, साधारण एक ते दोन आठवडे. डोस म्हणजे उरलेल्या कॅन्सरपेशी मारायला देतात ते किरणोत्सर्गी आयोडीन-१३१, अर्धायुकाल ८ दिवस. ते कॅन्सरपेशीत शिरतं एनआयएसमधूनच, आणि तिथे आधीच साध्या आयोडीनची गर्दी असेल तर डोस वाया जातो. म्हणून ताजे-सुके मासे, कोळंबी, सुकट, आयोडीनयुक्त मीठ, दूधदुभतं, अंड्यातला बलक बंद. कोणतं मीठ वापरायचं ते केंद्रात विचारून घ्या. मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी जाणार असाल तर आहाराचा कागद निघण्याआधीच मागवा. सोलकढी, कुळथाची पिठी, भात, फणसाची भाजी चालते, पण मीठ तेवढं बिनआयोडीनचं. बाहेरचं लोणचं-पापड नको.

प्र. आणि डोस लागूच पडला नाही तर?

तर पेशींनी एनआयएस गमावलंय किंवा ते जागेवर नाही. इथे प्रथिनांचा अभ्यास थेट उपचाराला भिडतो. एमईके अडवणारं सेल्युमेटिनिब हे औषध देऊन पेशीला पुन्हा आयोडीन घ्यायला लावता येतं का, हे २० रुग्णांत पाहिलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात १२ जणांत आयोडीनचं शोषण वाढलं आणि ८ जणांना डोस देण्याइतकं वाढलं. पुढे हेच औषध सुरुवातीच्या उपचारात सरसकट देऊन पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही. अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये व्ही६००ई असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी देतात. अमेरिकेत तिला २०१८ साली मान्यता मिळाली.

प्र. ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ म्हणतात. कोकणकन्येने नेताना काय काळजी घ्यायची?

स्लाइडचा डबा कापसात गुंडाळा. ब्लॉक मेणाचे असतात, मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवू नका, खिडकीच्या उन्हातही नको. फ्रिजची गरज नाही. ज्या प्रयोगशाळेने दिले तिची पावती आणि ब्लॉकवरचे क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा, आणि काम झालं की ब्लॉक परत मागून घ्या. पुढे पाच-दहा वर्षांनी नवी चाचणी करायची झाली तरी त्याच मेणातून कापता येतं.

प्र. संशोधनासाठी ऊती दिल्या तर आम्हाला रिपोर्ट मिळतो का?

सहसा नाही. संमतिपत्रात ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचून घ्या. तपासणीला लागेल तेवढा भाग आधी पॅथॉलॉजीकडे जातो, उरलेलाच संशोधनाला. नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडत नाही.